गेटवरच्या ॲपला दिलेली संमती नक्की कोणाची? (विदा, म्हणजे डेटा, संरक्षण कायदा आणि आपली सोसायटी)

पाचवा मजला (धागाकर्ता)

पुण्यातील आमच्या गृहनिर्माण संस्थेत ८४ सदनिका आहेत आणि गेल्या वर्षापासून सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात पडले आहे. आधीच्या समितीने तीन वर्षांपूर्वी गेटवर पाहुण्यांची नोंद ठेवणारे एक ॲप घेतले होते. तो करार आता संपत आला असून आणखी तीन वर्षांसाठी नूतनीकरण करावे की नाही, हा विषय येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर आहे. त्या निमित्ताने कंपनीचे गोपनीयता धोरण मी प्रथमच पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. कंपनीचे नाव लिहिणार नाही आणि कृपया कोणी विचारूही नये, कारण प्रश्न एका कंपनीचा नाही.

धोरण छापून काढले तेव्हा चौदा पाने भरली आणि सगळी इंग्रजीत. त्यातील दोन वाक्यांपाशी मी अडखळलो. एका वाक्यानुसार जमा झालेली माहिती कंपनी आपल्या ‘भागीदारांना’ सेवा सुधारण्यासाठी देऊ शकते. हे भागीदार कोण, किती आणि कोणत्या व्यवसायातले, याचा चौदा पानांत कुठेही उल्लेख नाही. दुसऱ्या वाक्यानुसार धोरण कधीही बदलू शकते आणि बदलानंतर ॲप वापरत राहणे हीच संमती मानली जाते. आता आमच्या गेटवर काय घडते ते सांगतो. कुरिअर घेऊन आलेला मुलगा हेल्मेट न काढता वॉचमनला मोबाइल नंबर सांगतो, वॉचमन फोन उंचावून त्याचा फोटो काढतो, नाव आणि गाडीचा नंबर टाकतो, सदनिकेतून होकार आला की फाटक उघडते. ते ॲप त्या मुलाच्या फोनमध्ये नाही, धोरण त्याने पाहिलेले नाही आणि ‘वापरत राहणे’ हे शब्द त्याला लागूच होत नाहीत. मग त्याची संमती कोणी दिली? आमच्या समितीने? तसा अधिकार आम्हाला कोणी दिला?

पूर्वी टेबलावर एक लांबट रजिस्टर असे आणि त्याला सुतळीने पेन बांधलेले असे. त्यातली नावे येणाराजाणारा कोणीही वाचू शकत होता, तेव्हा जुने सारे सोवळे होते असे माझे म्हणणे नाही. परंतु ते रजिस्टर भरले की रद्दीत जाई. ॲपमध्ये तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत आमच्याकडे कोण आले होते हे मला आजही दिसते.

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ आणि त्याखालील २०२५ चे नियम यांत अशा कंपन्यांवर काय बंधने आहेत आणि संस्थेवर काय, हे जाणकारांनी समजावून सांगावे. सभेपुढे मला अंदाजाने बोलायचे नाही.

कलमबहाद्दर

प्रश्न योग्य जागी विचारला आहे. सुरुवात एका अप्रिय गोष्टीने करते: या कायद्याच्या दृष्टीने मुख्य जबाबदारी बहुधा कंपनीची नसून आपल्या संस्थेची आहे.

माहिती कशासाठी आणि कोणत्या मार्गाने हाताळायची हे जो ठरवतो, त्याला कायदा ‘डेटा फिड्युशियरी’ म्हणतो. मराठीत त्याला विश्वस्त म्हणणे मला बरे वाटते, कारण देवस्थानचा विश्वस्त दानपेटीचा मालक नसतो हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. त्या विश्वस्ताच्या वतीने जो केवळ काम करतो तो ‘डेटा प्रोसेसर’. पाहुण्यांची नोंद ठेवायची हे तुमच्या संस्थेने ठरवले, म्हणून त्या नोंदीपुरती संस्था विश्वस्त आणि कंपनी प्रोसेसर. कलम ८ नुसार करारात काहीही लिहिलेले असो, प्रोसेसरने केलेल्या कामासाठीही विश्वस्तच उत्तरदायी असतो. मात्र कंपनी जेव्हा तीच माहिती स्वतःच्या भागीदारांना स्वतःच्या हेतूसाठी देते, तेव्हा हेतू ती स्वतः ठरवत असते, आणि माझ्या मते त्या क्षणी ती स्वतःही विश्वस्त होते. ‘भागीदार’ या एका शब्दावर बोट ठेवलेत ते म्हणूनच महत्त्वाचे आहे.

संमतीविषयी कलम ६ स्पष्ट आहे. संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असली पाहिजे, ती स्पष्ट होकारार्थी कृतीतून दिलेली असली पाहिजे आणि सांगितलेल्या हेतूला आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती ती असते. कायद्यातच एक उदाहरण दिले आहे: दूरवैद्यकीय सल्ला देणारे ॲप रुग्णाकडे तिच्या फोनमधील संपर्कयादीही मागते आणि ती दोन्हींना ‘हो’ म्हणते, तरीही संपर्कयादी सल्ल्यासाठी आवश्यक नसल्यामुळे तिची संमती सल्ल्यापुरतीच मानली जाते. तेव्हा ‘वापरत राहणे हीच संमती’ हे वाक्य या कसोटीवर टिकणे कठीण आहे. कलम ७ मध्ये संमतीविना चालणाऱ्या काही ‘वैध वापरां’ची यादी आहे. औषधाच्या दुकानात पावती मोबाइलवर हवी म्हणून ग्राहकाने आपणहून नंबर दिला, तर पावती पाठवण्यापुरता तो वापरता येतो, हे तेथील उदाहरण. गेटवरचा नंबर यात बसवायचा झाला तर आत सोडण्यापुरताच बसेल. त्यावर पुढे रंगकामाच्या कंपनीचे संदेश येऊ लागले तर तो वापर या चौकटीत येणार नाही.

आता वेळापत्रक. कायद्याला राष्ट्रपतींची संमती ऑगस्ट २०२३ मध्ये मिळाली, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, तक्रारी ऐकून दंड करणाऱ्या विदा संरक्षण मंडळाविषयीची कलमे लगेच लागू झाली, परंतु सूचना, संमती, सुरक्षा आणि नागरिकांचे हक्क यांविषयीची कलमे अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. आज कंपनीने ‘आम्हाला अजून हे बंधन नाही’ असे उत्तर दिले तर तांत्रिकदृष्ट्या ते चुकीचे ठरणार नाही. पण तुमचा करार तीन वर्षांचा आहे आणि मे २०२७ त्याच्या मुदतीतच येतो. सौदा आत्ता होतो आहे, तर अटी आत्ताच लिहून घ्याव्यात.

अवांतर: हा कायदा व्यक्तीसाठी सर्वत्र ‘ती’ हे सर्वनाम वापरतो आणि त्यात सर्व लिंगांच्या व्यक्ती येतात अशी व्याख्या देतो. वर रुग्णाला ‘ती’ म्हटले ते त्याच्याच अनुकरणाने.

निवृत्त मास्तर

आमच्या सोसायटीत असेच ॲप आल्यापासून सायकली चोरीला जाणे थांबले. मी आणि सौ. दोघेच घरी असतो, मुलगा बंगळूरला. दार उघडण्याआधी बाहेर कोण आहे त्याचा फोटो दिसतो, हा आमच्यासाठी मोठा आधार आहे. कायद्याचा कीस काढून हा आधार काढून घेऊ नये. शिवाय आमच्यासारख्यांच्या आयुष्यात लपवण्याजोगे आहे तरी काय? वीजबिल आणि रक्तदाबाच्या गोळ्या.

रानजाई

मास्तर, तुमच्या आधाराबद्दल मला पूर्ण आदर आहे आणि फोटो दिसू नये असे मीही म्हणणार नाही. पण ‘लपवण्याजोगे काय’ या प्रश्नाचे माझ्याकडे एक उत्तर आहे, ते ऐकावे.

मी एकटी राहते. मध्यंतरी एका शनिवारी रात्री साडेनऊ वाजता माझ्याकडे एक सहकारी काही कागद द्यायला आला आणि वीस मिनिटांत गेला. सोमवारी सकाळी लिफ्टमध्ये आमच्या समितीचे एक सदस्य हसून म्हणाले, “परवा भाऊ आले होते वाटतं?” मला भाऊ नाही, हे त्यांना ठाऊक आहे. समितीच्या सदस्यांना सगळ्या सदनिकांच्या नोंदी पाहता येतात, येण्याची आणि जाण्याची वेळ मिनिटासह, हे मला त्या दिवशी कळले. लेखी तक्रार केली तेव्हा उत्तर मिळाले की सुरक्षेसाठी हे आवश्यक आहे.

त्या नोंदीत चोरीला गेलेले काही नव्हते. कोणी हॅकरने काही फोडलेले नव्हते. धोरणानुसार, रीतसर, ज्याला अधिकार दिला होता त्यानेच ती पाहिली होती. म्हणून धागाकर्त्यांना विनंती आहे की सभेत केवळ ‘माहिती बाहेर फुटली तर काय’ एवढाच प्रश्न मांडू नका. आत कोण, काय आणि किती दिवस पाहू शकते, तोही मांडा.

आणखी एक. आमच्या ॲपमध्ये घरकामाला येणाऱ्या बायकांच्या नावापुढे तारे असतात. माझ्याकडे येणाऱ्या मावशींना पाचपैकी साडेतीन आहेत. कोणी दिले, कशासाठी दिले, हे दिसत नाही. मावशींना तर असे तारे आहेत हेच माहीत नाही. नवीन काम शोधताना त्यांना कोणी नकार दिला, तर त्यामागे हे साडेतीन तारे होते हे त्यांना कसे कळायचे?

मधली सुट्टी

मी याच धंद्यात आहे. गेटची ॲप नव्हेत, पण मोबाइल ॲप बनवणे हाच माझा बारा वर्षांचा व्यवसाय. आतून पाहिलेले थोडे सांगतो.

गोपनीयता धोरण वाचले जावे म्हणून कोणी लिहीत नाही. ते खटल्याच्या वेळी दाखवता यावे म्हणून लिहितात. पूर्वीच्या एका नोकरीत धोरणाचा मसुदा मी कधी पाहिलाच नव्हता; मला फक्त संमतीचा पडदा बनवायला सांगितले होते. ‘सहमत आहे’ हे बटण हिरवे, रुंद आणि अंगठा सहज पोहोचेल अशा जागी. ‘नंतर पाहू’ ही करड्या रंगाची बारीक ओळ, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, आणि ती दाबली की दर तीन दिवसांनी तोच पडदा पुन्हा. ‘नको’ असे बटण नव्हतेच. आठवड्याच्या बैठकीत किती टक्के लोकांनी हिरवे बटण दाबले एवढाच आकडा विचारला जाई. या असल्या क्लृप्त्यांना ‘डार्क पॅटर्न’ म्हणतात आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा तेरा प्रकारांची यादी देऊन त्यांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत.

‘भागीदार’ म्हणजे कोण, याचेही बऱ्याच वेळा रुक्ष उत्तर असते. ॲप कोणी शून्यापासून लिहीत नाही. नकाशा एकाचा, सूचना पाठवण्याची यंत्रणा दुसऱ्याची, ॲप कुठे अडखळते ते मोजणारे साधन तिसऱ्याचे, जाहिराती चौथ्याच्या, असे तयार तुकडे जोडले जातात आणि त्यांना आम्ही एसडीके म्हणतो. प्रत्येक तुकडा आपापल्या घरी काही ना काही कळवत असतो: फोनचे मॉडेल, जाहिरातीसाठीचा ओळखक्रमांक, कधी ठिकाण. भागीदारांची यादी का देत नाही असे विचारल्यावर कंपनी गप्प बसते त्यात दर वेळी लबाडी असतेच असे नाही. कित्येकदा तिने स्वतःच ती यादी कधी केलेली नसते. हे मला लबाडीपेक्षा भयंकर वाटते.

धागाकर्त्यांना करता येण्याजोगे एक काम आहे. ॲन्ड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये त्या ॲपच्या परवानग्या उघडा आणि प्ले स्टोअरवरचे त्याचे ‘डेटा सेफ्टी’ हे पान शेजारी ठेवा. तिथले तपशील कंपनीने स्वतः भरलेले असतात. धोरण, ते पान आणि प्रत्यक्ष परवानग्या, या तिन्हींचा मेळ बसतो का ते पाहा. मी माझ्या सोसायटीच्या ॲपचे पाहिले. फाटक उघडण्याच्या ॲपला संपर्कयादीची परवानगी हवी होती. पाहुण्याला आगाऊ निमंत्रण पाठवण्याच्या सोयीसाठी ती लागते हे मान्य, पण त्यासाठी एक नाव निवडता येणे पुरेसे असते. अख्खी वही लागत नाही. परवानगी काढून घेतली, फाटक अजून उघडते.

माइनकाठी

फ्रांकफुर्टहून लिहितो आहे. हे शहर ज्या हेसेन राज्यात येते, त्याने १९७० मध्ये विदा संरक्षणाचा कायदा केला आणि तो जगातील अशा प्रकारचा पहिला कायदा मानला जातो. त्या काळी भीती इंटरनेट कंपन्यांची नव्हती, सरकारी कचेऱ्यांतील संगणकांची होती. पुढे १९८३ मध्ये जनगणनेच्या प्रश्नावलीवरून येथे मोठे आंदोलन झाले आणि घटना न्यायालयाने निकाल दिला की स्वतःविषयीची माहिती कोणाला द्यायची हे ठरवण्याचा हक्क व्यक्तीचा आहे. त्यामुळे २०१८ मध्ये जीडीपीआर हा युरोपचा विदा संरक्षण कायदा लागू झाला तेव्हा जर्मन लोकांना त्यातले तत्त्व नवीन नव्हते, दंडाचे आकडे मात्र नवीन होते.

व्यवहारात मला उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे माहिती मागण्याचा हक्क. दोन वर्षांपूर्वी येथील एका व्यायामशाळेचे सदस्यत्व सोडले तरी त्यांच्या ईमेल येत राहिल्या. मी चार ओळींचे पत्र पाठवले: माझ्याविषयी जे काही साठवले आहे त्याची प्रत द्या. कायद्याने त्यांना एक महिन्याची मुदत असते. अठ्ठाविसाव्या दिवशी एक फाइल आली. त्यात माझ्या प्रत्येक फेरीची वेळ होती, दोन वर्षांची, आणि खाली कोणा कर्मचाऱ्याने लिहिलेला शेरा होता की ‘हे गृहस्थ सूट मागतात’. (सूट मागितली होती, हे खरे आहे.)

तरीही जीडीपीआरचे गोडवे गाण्याची माझी तयारी नाही. येथे प्रत्येक संकेतस्थळ उघडताना कुकीची पाटी आडवी येते आणि माणसे ती कंटाळून बंद करतात. संमतीचा असा अतिरेक झाला की संमतीला अर्थ उरत नाही. फ्रान्सच्या नियामकाने गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड केला, तो नेमका या कारणासाठी की ‘स्वीकारा’ एका टिचकीत होत होते आणि ‘नाकारा’साठी अनेक टिचक्या लागत होत्या. भारताच्या कायद्यातही संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असावे, असे कलम आहे असे ऐकतो. ते कोणी तपासून अमलात आणले, तर मधली सुट्टी यांचे करडे बटण बेकायदा ठरेल.

एक फरक विचारायचा आहे. जीडीपीआरमध्ये नुकसान झालेल्या व्यक्तीला भरपाई मागता येते. भारतात?

कलमबहाद्दर

माइनकाठी यांनी दुखऱ्या नसेवर बोट ठेवले.

संमती मागे घेण्याचे कलम आहे, ६(४). भरपाईचे मात्र नाही. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत, माहिती फुटल्याचे न कळवल्यास किंवा मुलांविषयीच्या तरतुदी मोडल्यास २०० कोटींपर्यंत दंड होऊ शकतो. पण तो जमा होतो भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत. ज्याची माहिती फुटली त्याच्या हाती एक रुपया लागत नाही. उलट खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केली तर त्यालाच दहा हजारांपर्यंत दंड आहे.

पूर्वी असे नव्हते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये २००८ च्या दुरुस्तीने कलम ४३अ घातले गेले आणि निष्काळजी कंपनीकडून बाधित व्यक्तीला भरपाई मिळण्याची वाट उघडली. पाच कोटींपर्यंतचे दावे प्रत्येक राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे चालतात, म्हणजे आपल्यासाठी मुंबईत. त्या अधिनियमाखाली महाराष्ट्राच्या सचिवांनी २०१३ मध्ये पुण्याच्या एका व्यावसायिकाला, खात्यातून परस्पर पैसे गेल्याबद्दल, बँकेकडून ४५ लाख रुपये देववले होते. मात्र ४३अ ‘संवेदनशील’ माहितीपुरतेच होते, म्हणजे पासवर्ड, बँकेचे तपशील, आरोग्य, बायोमेट्रिक वगैरे. साधा मोबाइल नंबर त्यात बसत नसे. नव्या कायद्याने संरक्षणाची व्याप्ती वाढवली आणि मे २०२७ पासून ४३अ रद्द केले. छत्री मोठी केली, पण भिजलेल्याला टॉवेल देणे बंद केले, असे मी माझ्या अशिलांना सांगते.

रानजाई यांच्या मावशींविषयी: ज्या माहितीच्या आधारे व्यक्तीवर परिणाम करणारा निर्णय होण्याची शक्यता आहे, ती पूर्ण, अचूक आणि सुसंगत ठेवण्याचे बंधन विश्वस्तावर आहे. साडेतीन तारे त्यात बसतात, असा युक्तिवाद मी आनंदाने करीन. माहिती पाहण्याचा आणि दुरुस्त करण्याचा हक्कही आहे, पण तो संमतीवर आधारलेल्या वापरापुरता. तेव्हा ‘आम्ही संमती घेतलीच नव्हती’ असे म्हणणाऱ्यापुढे हा हक्क लंगडा पडतो. तक्रारीचे निवारण नव्वद दिवसांच्या आत व्हावे, असे नियमांत आहे. ते न झाल्यास मंडळाकडे जाता येते.

आधार कार्डाची पूर्ण छायाप्रत ॲपमध्ये चढवून घेत असाल तर ते ताबडतोब थांबवा. शेवटचे चार अंक तेवढे दिसणारे ‘मास्क्ड’ आधार त्यासाठीच आहे, आणि तेही सक्तीने मागू नये.

पारनेरकर

कंपन्यांविषयीची चर्चा चांगली चालली आहे. पण याच कायद्याच्या एका शेपटाने आमच्या हातातले एक हत्यार बोथट केले, ते नोंदवल्याशिवाय राहवत नाही.

महाराष्ट्राने २००२ मध्ये स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला, त्यामागे राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारेंचे आंदोलन होते. केंद्राचा कायदा २००५ चा. त्यातील कलम ८(१)(ञ) नुसार वैयक्तिक माहिती नाकारता येत असे, पण सार्वजनिक कामाशी तिचा संबंध असेल किंवा व्यापक लोकहित असेल तर ती द्यावी लागे. नव्या कायद्याच्या कलम ४४(३) ने या अटी गाळल्या. आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढे दोन शब्द नकाराला पुरतात. कलम ८(२) मधील लोकहिताची तरतूद शिल्लक आहे, पण ती लागू करायची की नाही ते अधिकाऱ्याने ठरवायचे. रोजगार हमीच्या हजेरीपटावर मेलेल्या माणसाचे नाव सापडते ते आम्ही यादी मागतो म्हणून. आणि ही दुरुस्ती अठरा महिने थांबली नाही. कंपन्यांना मे २०२७ पर्यंत सवड, माहिती अधिकाराला मात्र नोव्हेंबर २०२५ मध्येच कात्री.

मधली सुट्टी

पारनेरकर, धागा इंटरनेट कंपन्यांच्या धोरणांवर आहे, हे अवांतर होत नाही का?

पारनेरकर

नाही. माझी माहिती कोणाकडे आहे ते मला कळावे, हाच दोन्ही कायद्यांचा गाभा. कंपनीने भागीदारांची यादी लपवणे आणि कचेरीने लाभार्थींची यादी लपवणे यांत मला फरक दिसत नाही. शिवाय कलम १७(२) नुसार केंद्र सरकार आपल्या कोणत्याही यंत्रणेला सार्वभौमत्व, सुव्यवस्था वगैरे कारणांसाठी या कायद्यातून सूट देऊ शकते. २०१८ मध्ये पहिला मसुदा देणाऱ्या समितीचे अध्यक्ष न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांनी २०१९ च्या विधेयकातील अशाच सवलतींवर जाहीर टीका केली होती. कंपन्यांना लगाम घालणाऱ्याच्या हातात स्वतःच्या घोड्याचा लगाम नको काय? पुढे मी या विषयावर लिहिणार नाही.

म्हापसेकर

धागाकर्त्यांनी चौदा इंग्रजी पानांचा उल्लेख केला, त्यावर उपाय कायद्यातच आहे. संमतीची विनंती आणि तिच्यासोबतची सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतील बावीसपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय देणे बंधनकारक आहे. मराठी त्यात आहे आणि १९९२ पासून आमची कोंकणीही आहे. सूचनेत काय हवे हेही नियमांत आहे: कोणती माहिती, कोणत्या हेतूसाठी, आणि संमती मागे घेण्याचा, हक्क वापरण्याचा आणि मंडळाकडे तक्रार करण्याचा मार्ग, तेही साध्या सोप्या भाषेत आणि बाकीच्या मजकुरापासून स्वतंत्र.

फक्त ते भाषांतर यंत्राकडून करून घेतलेले नसावे. एका ॲपच्या मराठी पानावर मी ‘तुमचा पत्ता आमच्याकडे सुरक्षितपणे जतन होण्यास सहमत करा’ असे वाचले आणि मुकाट्याने इंग्रजी पान उघडले.

निवृत्त मास्तर

रानजाई यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. लिफ्टमधला तो प्रश्न माझ्या मुलीला कोणी विचारला असता तर मी गप्प बसलो नसतो. माझी चूक अशी झाली की मी फक्त माझ्या दारापुरता विचार केला. फोटो दिसावा, पण नोंद महिनाभराने पुसावी आणि समितीला सरसकट दिसू नये, असे करता येते का? येत असेल तर आमच्याही सभेत मांडतो.

पाचवा मजला (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. मधल्या तीन आठवड्यांत घडले ते सांगतो.

वरील चर्चेच्या आधारे कंपनीला पत्र लिहिले आणि नूतनीकरणासाठी पाच अटी घातल्या. पाहुण्यांच्या नोंदी तीस दिवसांनी पुसाव्यात, ही अट त्यांनी मान्य केली. तशी सोय ॲपमध्ये पहिल्यापासून होती आणि आधीच्या समितीने ती सुरूच केली नव्हती, हे त्यांनी नम्रपणे दाखवून दिले. तेव्हा मास्तर, करता येते. समितीच्या सदस्यांना सरसकट नोंदी दिसू नयेत, केवळ लेखी तक्रार आल्यावर अध्यक्ष आणि सेक्रेटरी यांनी मिळून त्या उघडाव्यात, हेही मान्य झाले. याला विरोध झाला तो कंपनीकडून नव्हे, आमच्याच समितीतून. एका सदस्यांनी विचारले की मग समितीत राहून उपयोग काय. तो प्रश्न मी इतिवृत्तात जसाच्या तसा लिहिला आहे.

आधारच्या जुन्या छायाप्रती काढून टाकल्याचा ईमेल आला. मराठी सूचनेची अट ‘विचाराधीन’ आहे. भागीदारांच्या यादीवर आलेले उत्तर असे की ती व्यावसायिक गोपनीय बाब आहे. लोकांची गोपनीयता चौदा पानांत विरघळली आणि कंपनीची गोपनीयता एका ओळीत शाबूत राहिली, हे वाचून हसावे की रडावे कळेना. सभेत मी ही यादी मिळेपर्यंत नूतनीकरण सहा महिन्यांपुरतेच करावे असा ठराव मांडला आणि तो बऱ्यापैकी बहुमताने संमत झाला.

ताऱ्यांचे प्रकरण राहिले आहे. आमच्याकडे येणाऱ्या मावशींना मी फोनवर त्यांचे पान दाखवले. फोटो तीन वर्षांपूर्वीचा, गेटवर उन्हात डोळे मिचकावताना काढलेला. शेजारी चार तारे. त्यांनी विचारले, “हे कुणी दिले?” मी शोधले, पण देणाऱ्याचे नाव सेक्रेटरीलाही दिसत नाही. मग म्हणाल्या, “पाचवा कुणी कापला तेवढं बघा.” कंपनीला विचारले, तर मूल्यांकन ही रहिवाशांसाठीची सोय असून ती संपूर्ण संस्थेसाठी बंद करता येत नाही, असे कळवले आहे.

दुसऱ्या पत्राचा मसुदा उद्या येथेच टाकतो. कलमबहाद्दर, माहिती अचूक ठेवण्याचे बंधन सांगणाऱ्या कलमाचा उल्लेख आरंभीच करावा की भागीदारांच्या मुद्द्यानंतर, एवढे सांगावे.

कलमबहाद्दर

आरंभीच करा. आणि मावशींनी विचारलेला प्रश्न त्यांच्याच शब्दांत घाला, त्याचे कायदेशीर भाषांतर करू नका.